काउंटची डायरी कुठेच नाही

कंटिन्युइटीची वही : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ मी पुन्हा वाचायला घेतली आहे, आणि १८९७ साली आलेल्या या कादंबरीशी पुरतं इमान राखणारा सिनेमा मला अजून भेटायचा आहे. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याची सगळी जागा त्यांनाच देते.

आम्ही चौघं मित्र नाटकं करतो. या कादंबरीवर दीड तासाचा मराठी भयपट करायचा आहे, पुस्तकाला धरून. पण पुस्तक म्हणजे नुसत्या डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं. आमचा दिग्दर्शक म्हणतो, हे सगळं काढून सरळ गोष्ट सांगू. तुमचं काय मत? (पंचवटी)

काढू नका. ते काढलंत तर हातात एक लांब दातांचा माणूस उरेल, आणि तो लोकांनी शंभरदा पाहिलाय.

आधी मी हे कुठून बोलते ते सांगते. १९७४ साली रविवार कारंजाजवळच्या एका क्लासात मी इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिली, मग शॉर्टहँड केलं. चार वर्षं एका वकिलांकडे स्टेनो होते. पुढे मराठी सिनेमात कंटिन्युइटी लिहायला लागले आणि तेच करत आयुष्य गेलं. कुठल्या शॉटला पदर कुठल्या खांद्यावर होता, समईत तेल किती होतं, हे वहीत उतरवायचं. त्यामुळे ही कादंबरी मी तिच्या नायिकेच्या, मिना हार्करच्या बाजूने वाचते. ती शॉर्टहँड शिकलेली आहे, टाइपरायटर चालवते, आगगाड्यांचं वेळापत्रक तिला पाठ आहे, आणि सगळ्यांचे कागद तारखेवार लावून ती एक प्रत तयार करते. ती प्रत म्हणजेच आपल्या हातातलं पुस्तक.

आता पुस्तकात डायरी कोणाकोणाची आहे ते बघा. मिनाच्या नवऱ्याची, जोनाथनची आहे, मिनाची आहे, तिच्या मैत्रिणीचं, लूसीचं टिपण आहे. वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर सेवर्ड फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. जहाजाच्या कप्तानाची नोंदवही आहे. प्राणिसंग्रहालयातून लांडगा पळाला म्हणून तिथल्या रखवालदाराची मुलाखतसुद्धा आहे. काउंट ड्रॅक्युलाची डायरी मात्र कुठेच नाही. त्याच्या मनात काय चाललंय हे सत्तावीस प्रकरणांत एकदाही त्याच्या बाजूने कळत नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तर तो क्वचितच समोर येतो. कोणाला बागेत उंच काळं काही दिसतं, कोणाला खिडकीवर पंखांचा आवाज येतो, कोणाला स्वप्नात धुकं दिसतं. प्रत्येकाकडे एक तुकडा असतो आणि तो आपला तुकडा दुसऱ्याला दाखवत नाही. सगळं भय तिथे आहे.

लूसीच्या आईचंच घ्या. काउंट आत येऊ नये म्हणून प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग लूसीच्या खोलीत लसणाच्या फुलांच्या माळा लावतो, खिडक्या घट्ट बंद करतो. आईचं हृदय कमकुवत, म्हणून तिला कारण कोणी सांगत नाही. रात्री ती माऊली खोलीत येते, म्हणते काय हा उग्र वास, फुलं काढून टाकते आणि लेकीला हवा मिळावी म्हणून खिडकी उघडते. सकाळी मोठ्या समाधानाने डॉक्टरांना ते सांगते. हा प्रसंग करताना काउंट दाखवूच नका. आईचे हात दाखवा, फुलं गोळा करणारे, मायेचे.

आणि दुसरी जागा १ ऑक्टोबरची. पुरुषमंडळींनी ठरवलंय की बाईमाणसाला यापुढे यात ओढायचं नाही. ज्या मिनाने कागद लावून दिले तिलाच बाहेर ठेवतात. ते काउंटने घेतलेलं शेजारचं रिकामं घर धुंडाळायला जातात आणि काउंट तिच्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी एकाच छताखाली नवरा त्याच्या डायरीत लिहितो की मिना फिकट दिसते, थकली असेल, तिला काही सांगायला नको. बायको तिच्या डायरीत लिहिते की वाईट स्वप्न पडलं, धुकं खोलीत आल्यासारखं वाटलं, जोनाथनला सांगितलं तर काळजी करेल. दोघांच्या वह्यांत हाताचं अंतर. प्रेक्षकाला दोन्ही दिसतात. याहून भीतिदायक काही मला या पुस्तकात सापडलेलं नाही, आणि ते करायला एक टेबल, दोन दिवे आणि दोन चांगले नट पुरतात.

तेव्हा तुमच्या दिग्दर्शकाला एक नियम घालून घ्यायला सांगा : जिथे लिहिणारा माणूस हजर होता तिथेच कॅमेरा जाईल. काउंट एकटा असतानाचा एकही शॉट घ्यायचा नाही. पानंच्या पानं आवाजात वाचून दाखवू नका, तो कंटाळा होईल. लिहिणारा हात दाखवा, खोडलेला शब्द दाखवा, कोणी आलं म्हणून मिटलेली वही दाखवा. तारखा पडद्यावर येऊ द्यात, कारण प्रेक्षकालाही मिनासारखं तुकडे जुळवायला आवडतं.

शॉर्टहँडचा एक प्रसंग तर बहुतेक सिनेमे सोडून देतात, तो तुम्ही घ्याच. काउंटच्या वाड्यात कोंडलेला जोनाथन दोन पत्रं लिहून खिडकीतून जिप्सींकडे टाकतो. एक त्याच्या मालकांना, साध्या लिपीत. दुसरं मिनाला, शॉर्टहँडमध्ये. जिप्सी ती दोन्ही नेऊन काउंटला देतात. काउंट ती घेऊन त्याच्यासमोर बसतो. दुसरं उघडतो आणि ती अनोळखी चिन्हं बघून त्याचा चेहरा काळवंडतो. वाचता येत नाही! पत्रावर सही नाही, मग त्याने काही बिघडत नाही, असं म्हणत तो ते दिव्यावर धरून जाळतो. मग मालकांचं पत्र सभ्यपणे परत करतो, म्हणतो नवं पाकीट घाला. शेकडो वर्षं जगलेला, ग्रंथालय बाळगणारा हा माणूस एका स्टेनोच्या रेघोट्यांपुढे अडतो. आमच्या क्लासात पिटमन पद्धतीच्या शॉर्टहँडचे जाड-बारीक स्ट्रोक गिरवताना बोटं दुखायची. हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले होते.

त्याच मुलांचा दुसरा प्रश्न : ट्रान्सिल्व्हेनियाला जाणं आम्हाला परवडणार नाही. जुन्या नाशकातला एखादा वाडा काउंटचा किल्ला म्हणून चालेल का? की जागा बदलली म्हणजे इमान सुटलं?

जागा बदलल्याने इमान सुटत नाही. पण तुम्ही नाशिक चुकीच्या जागी ठेवताय. सराफ बाजारामागच्या बोळातला पडका वाडा बघितला की प्रत्येकाला तोच किल्ला वाटतो. पुस्तकात भीती ही आहे की तो लांबच्या डोंगरातून आपल्या गजबजलेल्या गावात येतो. म्हणजे नाशिक हे तुमचं लंडन. किल्ला दूर कुठेतरी राहू द्या, घाटापलीकडे, नावही सांगू नका.

तो येतो कसा, तेही बघा. त्याला घर विकत घ्यायचंय! जोनाथन तिथे जातो तो सॉलिसिटरचा माणूस म्हणून, खरेदीचे कागद घेऊन. एका संध्याकाळी तो काउंटच्या खोलीत जातो तर हे महाशय सोफ्यावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचतायत. तुमच्या सिनेमात वकिलाचा पोरगा सातबारा आणि खरेदीखताचा मसुदा घेऊन जाईल, आणि काउंट नाशिकरोडला थांबणाऱ्या गाड्या पाठ करत बसलेला असेल. त्याला निजायला आपल्याच मुलखातली माती लागते, म्हणून मूळचे पन्नास मातीचे खोके आहेत, त्यांचे हिशेब आणि मालवाहतुकीची पत्रं पुस्तकात जशीच्या तशी दिली आहेत. आपल्याकडे द्राक्षाच्या हंगामात खोकी कशी भरली जातात, आपल्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी कशी फाडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. “माल : माती. नग : ५०.” अशी बिल्टी पडद्यावर नुसती धरलीत तरी पुरे.

जहाजाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण पडणार आहे. मूळात रशियन जहाज वादळात इंग्लंडच्या व्हिटबी बंदराला लागतं. खलाशी एकेक करून नाहीसे झालेले, कप्तान मेलेला, त्याने स्वतःचे हात सुकाणूला बांधून घेतलेले आणि हातांत क्रूस. जहाज थडकताच एक मोठा कुत्रा उडी मारून अंधारात पळतो. मी असते तर कसारा घाटाच्या धुक्यातून येणारा ट्रक घेतला असता. क्लीनर नाही, ड्रायव्हरचे हात दोरीने स्टिअरिंगला बांधलेले, मनगटांभोवती तुळशीची माळ, आणि डॅशबोर्डवर त्याची डिझेलच्या हिशेबाची वही, जिच्या शेवटच्या पानांत हिशेब नाहीत. धुकं हवं असेल तर पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला जा. ब्रह्मगिरीवरून उतरणारं धुकं कुठल्याही मशीनमधून निघत नाही.

क्रुसाचं रूपांतर मात्र जपून करा. जोनाथन इंग्लिश चर्चमध्ये वाढलेला, त्याला क्रूस गळ्यात घालणं म्हणजे मूर्तिपूजेकडे झुकल्यासारखं वाटतं. पण वाटेतल्या खाणावळीतली म्हातारी काकुळतीने देते, त्याला नाही म्हणवत नाही. आपल्याकडे हे किती ओळखीचं आहे! न मानणारा शिकलेला मुलगा, आणि अंगाऱ्याची पुडी खिशात कोंबणारी आजी. “असू दे रे बाळा, माझ्यासाठी असू दे.” पुडीला शक्ती आहे की नाही यावर भाषण नको. ती खिशात आहे एवढं प्रेक्षकाला माहीत असलं म्हणजे झालं.

काउंट मराठी कसं बोलेल? आमच्या नाटकमंडळातले लोक म्हणतात, त्याला जड, राक्षसी आवाज आणि हिंदी वळण द्या. (सिडको)

नको. पुस्तकातला काउंट इंग्रजी पुस्तकांतून शिकलाय. व्याकरण चोख, उच्चार परका. त्याला खंत हीच आहे की लंडनच्या रस्त्यात तोंड उघडलं की लोक थांबून बघतील. म्हणून तो जोनाथनला महिनाभर ठेवून घेतो, रात्र रात्र बोलत बसतो, चुका सुधारायला सांगतो. शिकार ज्या भाषेत करायची ती भाषा तो सावजाकडूनच शिकतो आहे.

म्हणून त्याला छापील मराठी द्या. “आपण प्रवासाने श्रांत झाला असाल.” कुठेही ‘अहो’, ‘बरं का’, ‘ना’ नाही. मग दर रात्री एक-एक शब्द आपल्यासारखा होऊ द्या. ‘श्रांत’चं ‘दमला’ होतं, ‘दमला’चं ‘दमलात ना?’ होतं. प्रेक्षकाच्या लक्षात येईल तेव्हा उशीर झालेला असेल.

आणि उंबरठा! पहिल्या भेटीत काउंट दारात पुतळ्यासारखा उभा असतो, पाहुण्याला म्हणतो आपल्या मर्जीने आत या, आणि जोनाथनचं पाऊल आत पडेपर्यंत जागचा हलत नाही. पुढे नियम कळतो की घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा कुठल्याही घरात शिरता येत नाही. आपल्या घरांत दाराशी कोणी दिसलं की तोंडातून आपसूक निघतं, “या ना, बाहेर का उभे?” आणि निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. काउंटला निरोपाच्या वेळी नम्रपणे “येतो मी” म्हणू द्या. त्यावर पार्श्वसंगीताची एक सुरावटसुद्धा नको.

पुस्तकात ड्रॅक्युला उन्हात जळून मरतो ना? (सिन्नर)

नाही. ते १९२२ च्या जर्मन मूकपटातून आलं. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने परवानगी न घेता, नावं बदलून तो केला, स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या, म्हणून आज तो बघता येतो, आणि उन्हाचा नियम जगभर पसरला. पुस्तकातला काउंट दिवसा लंडनच्या पिकाडिलीत हिंडतो. उजेडी त्याची शक्ती तेवढी कमी होते. रूप बदलायचं तर सूर्योदय, माध्यान्ह किंवा सूर्यास्त गाठावा लागतो. दुपारी दोन वाजता, मेनरोडच्या गर्दीत, काळ्या मिशांचा उंच माणूस एका मुलीकडे टक लावून बघतोय असा शॉट घ्या. लाइट भाड्याने आणायचा खर्चही वाचेल.

काळ्या मिशा म्हणाले, ते मुद्दाम. किल्ल्यात तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. ३० जूनला पेटीत पडलेला दिसतो तेव्हा केस गडद राखाडी झालेत. सप्टेंबरात प्राणिसंग्रहालयाचा रखवालदार सांगतो, टोकदार दाढीत थोडे पांढरे केस होते. २२ सप्टेंबरला पिकाडिलीत मिशी-दाढी काळीभोर. स्टोकरने कंटिन्युइटी अशी ठेवली आहे की मी त्याला नमस्कार करते. लूसीच्या गळ्यावरच्या दोन खुणा मरणाच्या आधी नाहीशा होतात. मिनाच्या कपाळावर पवित्र प्रसादाच्या स्पर्शाने उठलेला डाग काउंट मरताक्षणी पुसला जातो. मेकअपवाल्याला शूटिंगच्या आधी या तारखांचा तक्ता करून द्या. एका सिनेमाला आम्ही जखमेचा असा तक्ता केला नव्हता, आणि नायकाच्या डाव्या भुवईवरची जखम मध्यंतरानंतर उजवीकडे गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ड्रॅक्युला आणि मिना यांची जन्मोजन्मीची प्रेमकथा मला फार आवडते. ती ठेवायला हवी, नाही का? आणि हक्कांचं काय? (कॉलेज रोड)

ती प्रेमकथा स्टोकरची नाही. १९९२ च्या कपोलाच्या सिनेमात ती घातली आहे. तो सिनेमा देखणा आहे, एइको इशिओका यांच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण पुस्तकातली मिना काउंटवर प्रेम करत नाही. तो तिला जबरदस्तीने आपलं रक्त पाजतो आणि ती विटाळले, विटाळले म्हणून आक्रोश करते. त्याचं प्रेम केलं की त्या बाईवर दुसरा अन्याय होतो, असं मला मनापासून वाटतं.

हक्कांबद्दल : स्टोकर १९१२ साली वारले, मूळ इंग्रजी पुस्तक आता कोणीही घेऊ शकतं. पण पुढच्या सिनेमांनी जे नवं घातलं ते त्यांचं आहे. मराठी अनुवादावरही अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. म्हणून मूळ पुस्तक घेऊन बसा आणि संवाद स्वतः लिहा.

आरशात प्रतिबिंब नाही, हे कॉम्प्युटरशिवाय कसं दाखवायचं? (इंदिरानगर)

सोपं आहे. जोनाथनचा आरसा दाढी करायचा, लहानसा, खिडकीशी टांगलेला. तो अगदी थोडा तिरपा करा, म्हणजे कॅमेऱ्याला त्यात मागची भिंत दिसेल, नट दिसणार नाही. मग त्याच फ्रेममध्ये कडेने काउंटचा हात जोनाथनच्या खांद्यावर येऊ द्या. कट नको. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी असल्या करामती कॅमेऱ्यातच केल्या.

हवं तर त्याच दिवसातला आणखी एक प्रसंग घ्या, ज्याला करामत लागतच नाही. जोनाथन दाराच्या बिजागरीच्या फटीतून बघतो तर काउंट स्वतः टेबल मांडतोय, त्याआधी बिछानाही त्यानेच घातलाय. म्हणजे एवढ्या मोठ्या वाड्यात नोकर नाहीत. म्हणजे रात्री टांगा हाकणाराही तोच होता. चादरीच्या सुरकुत्या हाताने सारख्या करणारा काउंट! दात दिसायची गरज नाही.

मी सैन्यातून निवृत्त झालो. पुस्तकात शेवटी खुकरी आहे असं ऐकलं. खरं का? बहुतेक सिनेमांत छातीत खुंटी ठोकतात. (देवळाली कॅम्प)

खरं आहे, आणि तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. ६ नोव्हेंबर, सूर्य बुडायला काही क्षण. जिप्सी खोका गाडीवरून नेतायत. जोनाथन आपल्या मोठ्या खुकरीने काउंटचा गळा चिरतो, त्याच क्षणी अमेरिकन क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात जातो, आणि शरीराची माती होते. मॉरिस जखमी होऊन तिथेच मरतो. खुंटी आहे ती लूसीसाठी, तिच्यावर प्रेम करणाऱ्या आर्थरच्या हातून. हा शेवट दोन ओळींत उरकतो, म्हणून सिनेमावाल्यांना तो अपुरा वाटतो. माझं म्हणणं, तेवढाच ठेवा.

त्यानंतर सात वर्षांनी लिहिलेली जोनाथनची छोटी टीप आहे, तीही घ्या. तो म्हणतो, सगळे कागद तिजोरीतून काढून पाहिले तर त्यात अस्सल म्हणावा असा एकही दस्तऐवज जवळपास नाही, नुसता टाइप केलेल्या कागदांचा ढीग. कारण ऑक्टोबरातल्या एका रात्री काउंटने मूळ हस्तलिखितं आणि मेणाच्या नळकांड्या शेकोटीत टाकल्या होत्या. स्वतःची डायरी नसलेला माणूस इतरांच्या डायऱ्या जाळून गेला.

वाचलं ते मिनामुळे. टाइप करताना तिने एकाच वेळी तीन प्रती काढल्या होत्या, म्हणजे आमच्या भाषेत कार्बन घालून. पंचवटीच्या मुलांनो, तुमच्या मिनासाठी माझा पोर्टेबल टाइपरायटर न्या, रिबन मी बदलून ठेवली आहे. कार्बन घालताना गुळगुळीत बाजू खाली, पहिल्या कागदाला टेकू द्यायची नाही, आणि कळ जोरात मारायची, नाहीतर तिसरी प्रत उठत नाही.